दख्खन्यांच्या जुन्या वाटेने राजस्थान

संक्रांतीचा तिळगूळ संपत आला, की ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इकडच्या मराठी घरांतून प्रवासाची बोलणी निघू लागतात. उन्हाळा येण्यापूर्वी कुठे तरी जाऊन यावे असे थोरांना वाटते आणि मुलांच्या परीक्षा अद्याप थोड्या दूर असतात. अशा वेळी यात्रा-कंपन्यांची रंगीत पत्रके घरोघर येतात. त्यांत राजस्थानच्या सहलीचे पत्रक नेहमी अग्रभागी असते. जयपूर, अजमेर-पुष्कर, नागौर, जोधपूर, जैसलमेर. सोबत जाणकार मार्गदर्शक. माघ शुद्ध पक्षात निघाल्यास नागौरचा गुरांचा मेळा आणि जैसलमेरचा मरुमहोत्सव हे दोन्ही पदरात पडतात. गेल्या माघात आमच्या मंडळातील बत्तीस जणांनी ही नऊ दिवसांची सहल केली. तिच्यातील पाहण्याजोगे काय, हे तर सांगायचे आहेच. परंतु आपल्यासारख्या वाचकांना त्यापलीकडेही काही सांगावेसे वाटते.

राजस्थान पाहायला पुण्या-मुंबईहून जाणारा मराठी माणूस परक्या मुलखात पाहुणा म्हणून जातो. आपले तसे नाही. ग्वाल्हेरच्या ज्या भागात आम्ही राहतो त्याला आजही ‘लष्कर’ म्हणतात, कारण दौलतराव शिंद्यांचा तळ तेथे पडला आणि तो पुढे उठलाच नाही. आपले खापरपणजे ज्या फौजांबरोबर नर्मदा ओलांडून आले, त्या फौजांचे घोडे याच जयपूर-जोधपूरच्या वाटांनी पाऊणशे वर्षे धावत होते. आपण ज्या नगरीची छायाचित्रे काढतो, तिच्याकडून चौथाई वसूल करणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. या जाणिवेने प्रवास केला, तर त्या देखण्या दगडांत निराळेच काही दिसू लागते.

गुलाबी नगरी आणि तिचा मनोरा

आग्रा, भरतपूर या मार्गाने आमची बस दिवेलागणीला जयपुरात शिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गदर्शक हजर झाले. पन्नाशीचे, मृदुभाषी, डोक्याला लहरिया साफा. त्यांचे पाठांतर चोख होते आणि हिंदी मोठे रसाळ.

सवाई जयसिंहाने 1727 साली आमेरच्या डोंगरातून उतरून सपाटीवर ही नगरी वसवली. विद्याधर भट्टाचार्य यांनी तिची आखणी केली. काटकोनात छेदणारे प्रशस्त रस्ते, आखीव चौकड्या, एका मापाची दुकाने आणि त्यांवरचे सज्जे पाहिले, म्हणजे आजच्या नगररचनाकारांनी येथे येऊन धडे घ्यावेत असे वाटते. गुलाबी रंग मात्र मूळचा नव्हे. तो 1876 मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी दिला गेला आणि पुढे नगराची ओळखच झाला. 2019 साली या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला. जंतरमंतर वेधशाळेला तो 2010 मध्येच मिळाला होता.

या वेधशाळेत दोन तास सहज जातात. सुमारे नव्वद फूट उंचीच्या सम्राट यंत्राची सावली डोळ्यांदेखत सरकते आणि दोन सेकंदांपर्यंतची वेळ तीवरून वाचता येते. मुले तेथून हलायला तयार नव्हती. जयसिंहाच्या या ज्योतिषकार्यातील प्रमुख पंडित जगन्नाथ सम्राट. टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणून त्यांनी ‘सम्राट् सिद्धान्त’ रचला आणि युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ केले. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. जयसिंहाचे गुरू रत्नाकर भट्ट पुंडरीक यांचे घराणेही मूळचे महाराष्ट्रातील, आडनाव महाशब्दे. म्हणजे मराठी माणसाची आणि या नगरीची पहिली ओळख पोथीपंचांगाची होती.

दुसरी ओळख अधिक आपुलकीची. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली काशीयात्रेला निघाल्या. त्या उदयपूर, नाथद्वारा, जयपूर या वाटेने गेल्या आणि राजपूत दरबारांनी त्यांचा मोठा सत्कार केला. वास्तविक त्याच्याच आदल्या वर्षी, 1734 मध्ये, मराठ्यांना आवर कसा घालावा याचा विचार करण्यासाठी राजपूत राजे हुरडा येथे जमले होते आणि त्यांत जयसिंह अग्रणी होता. तरीही पेशव्यांची आई दारात आली तेव्हा त्याने आदरातिथ्यात उणे पडू दिले नाही. पुढे माळव्याचा कारभार पेशव्यांना मिळण्यात (1741) त्याचीच मध्यस्थी उपयोगी पडली. इंदूर-देवास-उज्जैनच्या वाचकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

हे सारे आनंदाने ऐकावे असे. त्यानंतरचे ऐकणे कठीण होते. त्रिपोलिया बाजाराजवळ एक उंच, सात मजली मनोरा दिसतो. त्याला ईसरलाट किंवा सरगासूली म्हणतात. जयसिंहाचा मुलगा ईश्वरीसिंह याने तो आपल्या विजयाचे स्मारक म्हणून 1749 मध्ये उभारला. गादीवरून ईश्वरीसिंह आणि त्याचा सावत्र भाऊ माधोसिंह यांच्यात कलह चालला होता आणि दोन्ही पक्षांनी मराठ्यांना पैशांची वचने दिली होती. वचन पाळता येईना. मल्हारराव होळकरांची फौज नगराजवळ आली आणि डिसेंबर 1750 मध्ये ईश्वरीसिंहाने विष घेऊन आयुष्य संपवले. विजयाचा मनोरा उभारल्यास पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

मार्गदर्शकांनी हा प्रसंग सांगितला तो अगदी साध्या शब्दांत. “दख्खनी आले, राजाजवळ पैसा नव्हता, राजाने विष घेतले.” पुढे ते वस्त्रबाजाराकडे वळले. आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्याबरोबर दहा-अकरा वर्षांची नात होती. ती विचारती झाली, “आबा, दख्खनी म्हणजे कोण?” आबा म्हणाले, “आपण.” मुलीने मनोऱ्याकडे पाहिले, मग आजोबांकडे पाहिले. आबांनी पुढे एक शब्द जोडला नाही. सारवासारव केली नाही, की अभिमानाने छातीही फुगवली नाही.

या कथेचा उत्तरार्ध मार्गदर्शकांनी सांगितला नाही, पण आबांनी संध्याकाळी निवासस्थानी सर्वांना बसवून सांगितला. माधोसिंह गादीवर आल्यावर, जानेवारी 1751 मध्ये, छावणीतील मराठे मोठ्या संख्येने जयपूर शहरात शिरले. ते लढायला आले नव्हते. नवे नगर, त्यातील मंदिरे, बाजार पाहावेत, खरेदी करावी, एवढ्यासाठी आले होते. दुपारी एकाएकी शहर त्यांच्यावर उठले. वेशी बंद झाल्या आणि मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालली. मृतांचा आकडा तीन हजारांच्या घरात सांगितला जातो. आबा म्हणाले, “जयपूर पाहायला आलेले पहिले मराठी प्रवासी ते. त्यांतले कितीतरी परत गेले नाहीत. आणि त्यांना मारणारे लोक दुष्ट होते असेही म्हणवत नाही. ज्यांचा राजा महिन्यापूर्वी विष पिऊन गेला होता, त्यांचा तो संताप होता.”

त्या रात्री खरेदीच्या पिशव्या उघडून लाखेच्या बांगड्या दाखवण्याचा कार्यक्रम जरा उशिराने सुरू झाला.

मुंडकटीचे अजमेर

जयपूरहून अजमेर अडीच-तीन तासांच्या वाटेवर आहे. तेथे ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक चादर चढवतात. आमच्यातील अनेकांनी फुले वाहिली. तेथून घाट ओलांडून पुष्कर. कार्तिकातली प्रचंड जत्रा सरल्यामुळे सरोवर शांत होते. चहूबाजूंच्या बावन्न घाटांवर सकाळी तुरळक स्नाने चालली होती.

पुष्करच्या ब्रह्मदेवाच्या मंदिरापाशी ग्वाल्हेरकरांनी क्षणभर थांबावे. 1809 साली या मंदिराचा जीर्णोद्धार झाला तो दौलतराव शिंद्यांचे मंत्री गोकुळ पारख यांच्याकडून. तांबड्या शिखराखाली उभे राहिले, की आपल्या घरचे कुणी तरी येथे येऊन गेले आहे असे वाटते.

परंतु शिंद्यांकडे अजमेर आले कसे? त्याचे उत्तर एका जुन्या मारवाडी शब्दात आहे: ‘मुंडकटी’. कापलेल्या मुंडक्याची भरपाई. ज्याच्या वधाची ही भरपाई होती, त्याच्या समाधीकडे आमची पुढची वाट जात होती.

नागौर: मेळा आणि छत्री

नागौरला आम्ही पोहोचलो तेव्हा रामदेवजींच्या नावाने भरणारा गुरांचा मेळा रंगात आला होता. ज्याने बालपणी माळव्यातला बैलपोळा पाहिला असेल, त्याच्या डोळ्यांत येथे पाणी उभे राहील. नागौरी बैल पांढरेशुभ्र, उंचेपुरे, लांब पायांचे. चालीला असे, की एकेकाळी दूरदूरच्या प्रांतांतून गिऱ्हाईक त्यांच्यासाठी येथवर येई. एका बाजूला उंटांच्या रांगा, एका बाजूला घोडे, मध्ये झुली, गोंडे, घागरमाळा, वेसणी, कासरे यांची दुकाने आणि पलीकडे लाल मिरच्यांच्या राशी. जवळून गेले तरी ठसका लागतो. सौदा अजूनही दोन माणसांच्या एकमेकांत धरलेल्या हातांवर कापड टाकून बोटांच्या खुणांनी होताना दिसला.

ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची मागणी घटली हे उघड आहे. उंटांची दशा त्याहून वाईट. राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला, पण 2012 ते 2019 या सात वर्षांत तेथील उंटांची संख्या सव्वातीन लाखांवरून सुमारे दोन लाख तेरा हजारांवर आली. उंट राज्याबाहेर नेण्यावर 2015 च्या कायद्याने निर्बंध आले. हेतू रक्षणाचा होता. पण ज्याला विकता येत नाही ते जनावर पाळायचे कसे, असा प्रश्न एका वृद्ध रायका पशुपालकाने आम्हाला विचारला. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

नागौरच्या अहिच्छत्रगड किल्ल्याचे पुनरुज्जीवन गेल्या काही दशकांत मोठ्या साक्षेपाने झाले आहे. 2002 साली युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातील वारसा-जतनाचा उत्कृष्टता पुरस्कार त्याला दिला. आतील महाल, भित्तिचित्रे, पाणी खेळवण्याची जुनी व्यवस्था अवश्य पाहावी.

याच किल्ल्याला 1754 च्या अखेरीस राणोजी शिंद्यांचे थोरले पुत्र जयाप्पा यांनी वेढा घातला. कारण पुन्हा भाऊबंदकीचेच. जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह आणि त्याचा चुलतभाऊ विजयसिंह झगडत होते आणि रामसिंहाने मराठ्यांना मदतीला बोलावले होते. मेडत्याजवळ पराभव होताच विजयसिंह नागौरच्या किल्ल्यात शिरला. वेढा महिनोन्‌महिने रेंगाळला. तहाची बोलणी सुरू होती, अशात जुलै 1755 मध्ये छावणीत वेषांतर करून राहिलेल्या मारेकऱ्यांनी भांडणाचे सोंग करून जयाप्पांना स्नानाच्या वेळी गाठले आणि ठार केले. संतापलेल्या मराठी सैनिकांनी त्या गडबडीत तहासाठी आलेला उदयपूरचा वकील, सलूंबरचा रावत जैतसिंह, यालाही कापून काढले. त्याचा या कटाशी संबंध होता असे दिसत नाही. धाकटे बंधू दत्ताजी यांनी वेढा चालू ठेवला आणि अखेर 1756 मध्ये विजयसिंहाने खंडणी व मुंडकटी म्हणून अजमेर दिले. मधली काही वर्षे सोडता 1818 पर्यंत ते मराठ्यांकडे होते. नंतर इंग्रजांनी घेतले.

जयाप्पांची छत्री नागौरजवळच्या ताऊसर येथे आहे. पत्रकात तिचा उल्लेख नव्हता. आम्ही बसचालकाला विनंती केली, मार्गदर्शकांनी कपाळाला आठ्या न घालता अर्धा तास वाढवून दिला. दगडी छत्री, आजूबाजूला शांतता. कुणी काही सोबत आणले नव्हते. बायकांनी वेणीतली फुले काढून ठेवली.

आणि येथे आमच्या मार्गदर्शकांनी जे सांगितले, ते कोणत्याही पत्रकात नव्हते. ते म्हणाले, “मारवाडात जयाप्पांना मारणाऱ्यांचे शौर्य सांगतात. आपल्याकडे त्यालाच दगा म्हणत असतील. माझ्या आईचे माहेर मेडत्याकडे. तिची आजी मुले झोपली नाहीत, की दख्खनी येतील असे सांगे. पण जोधपूरला राजाने आपल्या माणसांना असेच मारले असते, तर त्याची छत्री कुणी ठेवली नसती. ही छत्री येथे कुणी पाडली नाही, हेही लिहून ठेवा.”

ते लिहून ठेवले आहे. परमुलखात, शत्रू म्हणून मेलेल्या माणसाचे स्मारक अडीचशेहून अधिक वर्षे त्या गावाने राहू दिले. आपल्याकडे किती परकीयांच्या समाध्या आपण अशा राहू दिल्या, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

जोधपूरचा पहारा

नागौरहून जोधपूरला जाताना शेते विरळ होत जातात आणि खेजडीची झाडे वाढतात. जोधपुरात शिरताच मेहरानगड दिसतो. राव जोधाने 1459 मध्ये या खडकावर पाया घातला. शहरापासून सुमारे चारशे फूट उंचीवर उभा असलेला हा किल्ला खडकातूनच उगवल्यासारखा भासतो. खाली ब्रह्मपुरीची निळी घरे, वर सोनेरी भिंती आणि मध्ये घिरट्या घालणाऱ्या घारी. किल्ल्यातील संग्रहालय मेहरानगड म्युझियम ट्रस्ट चालवतो. 1972 साली स्थापन झालेली ही संस्था. हौदे, पालख्या, शस्त्रे, लघुचित्रे यांची मांडणी इतकी नेटकी, की दोन तास राखून ठेवले तरी अपुरे पडतात.

दोन खुणांपाशी आमची मंडळी थबकली. पहिली, एका दरवाजाजवळच्या भिंतीवरील तोफगोळ्यांच्या जखमा. उदयपूरची राजकन्या कृष्णाकुमारी हिच्या विवाहावरून जोधपूरचा मानसिंह आणि जयपूरचा जगतसिंह यांच्यात युद्ध पेटले आणि 1807 मध्ये जयपूरच्या फौजेने जोधपूरला वेढा घातला, तेव्हाच्या या खुणा. या भांडणाच्या होळीत शिंद्यांनी आणि होळकरांचा साथीदार अमीरखान याने आपापली पोळी भाजून घेतली. शेवटी 1810 मध्ये, सोळा वर्षांच्या त्या मुलीला विषाचा पेला घ्यावा लागला. दुसरी खूण लोहापोळीवरील सतींच्या हातांचे ठसे. मानसिंहाच्या मृत्यूनंतर, 1843 मध्ये, येथून गेलेल्या स्त्रियांचे. बाहेर वाळूच्या रंगाचा प्रकाश आणि त्या भिंतीवर शेंदूर लावलेले लहान लहान तळवे. राजे लोकांच्या प्रतिष्ठेची किंमत कुणाकुणाला मोजावी लागली, हे या दोन भिंती सांगतात. तिच्यात मराठी हातांचा वाटा होता, तो वजा करून ही कथा सांगता येत नाही.

जेवणाविषयी चार शब्द. येथील दाल-बाटी-चूरमा म्हणजे आपल्या माळव्यातील दाल-बाफल्याचे थोरले भावंड. बाफला आधी उकळतात, मग भाजतात. बाटी सरळ विस्तवावर भाजतात. केर-सांगरीची भाजी, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी आमच्या वऱ्हाडी सुनबाईंना घरचीच वाटली. मिरचीवडा मात्र मुलांना एकेकच द्यावा.

सोनेरी गड आणि मरुमहोत्सव

जोधपूर ते जैसलमेर दिवसभराचा प्रवास धरावा. वाटेत पोखरण लागते. 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्यांमुळे हे नाव सर्वांना ठाऊक. रामदेवऱ्याला गुजरात-राजस्थानचे भाविक रामदेवपीरांच्या समाधीवर डोके टेकवतात. बडोद्याच्या वाचकांना याचा परिचय असेलच.

मग सूर्य कलताना, सपाट वाळवंटावर, पिवळ्या दगडाचा तो गड उगवतो. रावळ जैसलाने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर त्याची स्थापना केली. नव्व्याण्णव बुरूज. आत हजारो माणसे आजही नांदतात. दगडी जाळ्यांमागे चूल पेटते, गल्लीत गाय उभी असते, जैन मंदिरांच्या शेजारी किराणा दुकान असते. 2013 साली राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हा एक. मराठी फौजांच्या नेहमीच्या वाटांपासून हे राज्य फार दूर वाळूआड राहिले. येथे ‘दख्खनी’ शब्द कुणी भीतीने उच्चारत नाही.

परंतु येथे नव्या स्वाऱ्या चालू आहेत आणि त्या आपल्यासारख्यांच्याच आहेत. जेथे वर्षाचा पाऊस वीस सेंटिमीटरही नसतो, तेथील गड डोक्यावरून घडा भरून आणणाऱ्या पाण्यासाठी बांधलेला. नळ आले, अतिथिगृहे आली, प्रत्येक पाहुण्याला भरपूर पाण्याचे स्नान हवे झाले. ते पाणी टेकडीच्या मातीत मुरते आणि पाया भुसभुशीत होतो. काही बुरूज आणि भिंती त्यापायी ढासळल्या आहेत. आम्ही गडाखाली उतरलो आणि बादलीभर पाण्यात आटोपले. जाणाऱ्यांनी एवढे अवश्य करावे.

पटव्यांच्या हवेल्या, गडीसर तलाव, त्यावरील टिलोंची पोळ ही सर्व पाहून झाल्यावर मरुमहोत्सवाला जावे. 1979 पासून माघी पौर्णिमेला संपणारा हा तीन दिवसांचा उत्सव भरतो. पहिल्या सकाळी शोभायात्रा, मग साफा बांधण्याची स्पर्धा, मिशांची स्पर्धा, ‘मरुश्री’ची निवड, उंटांच्या शर्यती, रस्सीखेच. उत्सव पर्यटकांसाठी योजलेला आहे हे कुणी लपवत नाही. तरीही सत्तर वर्षांचा एखादा गडी नऊ वार साफा क्षणात बांधतो आणि समोरचे शेकडो गावकरी टाळ्या वाजवतात, तेव्हा त्यातला आनंद खरा असतो.

शेवटची रात्र शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरील सम येथील वाळूच्या टेकड्यांवर. पौर्णिमेचा चंद्र, वाळू चांदीची, आणि व्यासपीठावरून मांगणियार गायकांचे सूर. वाद्यांत कमायचा आणि खडताल. कमायचाचा पोटाचा भाग गोल, वर बकऱ्याचे कातडे, गजाने वाजवायचा. खडताल म्हणजे प्रत्येक हातात दोन अशा लाकडी पट्ट्या. ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात कमायचाचा घोगरा गोडवा बुडून गेला, तेव्हा आम्ही कार्यक्रमानंतर त्यांच्या तंबूपाशी जाऊन बसलो.

मांगणियार मुसलमान; त्यांचे यजमान बहुतांशी राजपूत हिंदू. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या यजमानाच्या घरी जन्म, लग्न, सण असला, की यांनी जाऊन गायचे, घराण्याची वंशावळ आणि ‘शुभराज’ म्हणायचा. यजमानाने धान्य, बकरी, उंट, वस्त्र द्यायचे. आपल्या बलुतेदारीशी याचे नाते कुणालाही ओळखू येईल. कोमल कोठारी (1929–2004) आणि विजयदान देथा यांनी 1960 मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान स्थापून या गाण्यांची नोंद केली आणि ही गाणी जगापुढे आणली. आता यजमान शहरांत गेले, आणि सहलीचे प्रवासी हेच नवे यजमान झाले. फरक एवढाच, की जुन्या यजमानाचे नाव गाण्यात असे. आपले नाव त्यांना ठाऊकही नसते.

म्हातारे गायक आमच्या बाजूला वळून म्हणाले, “कहाँ से पधारे?” आम्ही म्हटले, “ग्वालियर से.” त्यांनी चटकन कानाच्या पाळीला हात लावला. “तानसेन की जगह,” ते म्हणाले, आणि आपल्या मुलाला काही सांगितले. मुलाने कमायचा उचलला. व्यासपीठावर जे द्रुत गाणे त्यांनी दहा मिनिटांत उरकले होते, तेच त्यांनी आता सावकाश, अर्ध्या तासात, आलाप घेत गायले.

आमच्यातील एक बाई ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीच्या विद्यार्थिनी. हद्दूखाँच्या परंपरेतून वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, तेथून विष्णू दिगंबर पलुसकर अशी ही गायकी महाराष्ट्रात गेली. शिंद्यांचा दरबार नसता, तर ही देवघेव या वाटेने झाली नसती. बाईंनी हे त्या वृद्ध गायकांना सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, आणि वासुदेवबुवांचे नाव दोनदा उच्चारून मुलाकडून पाठ करवून घेतले.

जाणाऱ्यांसाठी

माघातील तिथीप्रमाणे दोन्ही मेळे दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत येतात. निघण्यापूर्वी पंचांग आणि पर्यटन खात्याचे पत्रक ताडून पाहावे. वाळवंटात रात्री कडक थंडी पडते. शाल, कानटोपी, पायमोजे न्यावेत. दिवसा मात्र ऊन लागते. नागौरला निदान एक पूर्ण दिवस ठेवावा आणि यात्रा-कंपनीकडे ताऊसरच्या छत्रीसाठी अर्धा तास आधीच मागून घ्यावा; मागितल्यास मिळतो. कलावंतांचे गाणे आवडले तर बिदागी त्यांच्या हातात द्यावी आणि नाव विचारून वहीत लिहून घ्यावे.

मुलांना बरोबर न्यावे. जयपूरच्या मनोऱ्याखाली त्यांना ‘दख्खनी कोण?’ असा प्रश्न पडेल. आबांनी दिले त्याहून लांब उत्तर देण्याची गरज नाही; परंतु ताऊसरला पोहोचेपर्यंत विषय सोडूही नये. आपल्या पूर्वजांनी या भूमीला काय केले आणि या भूमीने त्यांना काय केले, हे दोन्ही एकाच तोंडाने सांगता येईल असा मराठी माणूस पुण्यात मिळणे कठीण आहे. तो ग्वाल्हेर-इंदुरातच निपजायला हवा. आमच्या सहलीतील त्या नातीने परतीच्या वाटेवर आपल्या वहीत तीन नावे एकाखाली एक लिहिली होती: जयाप्पा, ईश्वरीसिंह, कृष्णाकुमारी. कोणते नाव आपल्या बाजूचे आणि कोणते त्यांच्या, असा रकाना तिने आखला नव्हता.